राब पेटायच्या आधीचा गुरू

जनाकडे चहाला जायचं असेल तर पाचच्या आत जावं. गुरूच्या दिवसांत पाचनंतर तिच्या घरी चूलही पेटत नाही आणि गॅसही लागत नाही. पाहुणा फारच चिवट निघाला तर त्याच्या हातात कोकम सरबताचा पेला येतो. "थंडच घ्या, बरं असतं," असं जना म्हणते. कुणाला बरं असतं ते सांगत नाही. बरं असतं ते अंगणात उभ्या असलेल्या दुर्बिणीला.

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैशाखऱ्यात जनाचं घर. वय शेहेचाळीस, शिक्षण बारावी पास, माहेर शहापूरकडचं. नवरा सावळाराम मुरबाड-कल्याण जीप चालवतो. मुलगी रुपाली वाशिंदला कारखान्याच्या ऑफिसात आहे, तिथंच दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. आणि जना वाडीवरच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. तेरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिच्या खिचडीत एकही खडा निघाला नाही, ही तिची शाळेतली खरी ओळख. ती तांदूळ निवडायला बसली की परात संपेपर्यंत मान वर करत नाही.

दुर्बीण तिला सापडली तीही तांदळाच्या पोत्यांमागेच. एक लांबडं खोकं होतं. उंदरांनी खोक्याचा कोपरा खाल्ला होता, आतल्या वस्तूला मात्र तोंड लावलं नव्हतं. कुणीतरी कधीतरी शाळेला भेट दिलेली, सहा इंची आरशाची दुर्बीण. जोडायची कशी ते कुणाला माहीत नाही, म्हणून अकरा वर्षं झोपून. तेव्हाचे गुरुजी निवृत्तीला आले होते. म्हणाले, "जनाबाई, घरी नेऊन बघा. मोडली तर मोडली, नाहीतरी उंदीर वाटच बघतायत."

जनाने ती रात्रभर पुसली, आठवडाभर जोडली आणि पहिल्यांदा चंद्र बघून दुसऱ्या दिवशी खिचडीत दोनदा मीठ टाकलं. मग गुरू बघितला. मधून दोन तपकिरी पट्टे, बाजूला चार ठिपके, एका ओळीत. ते ठिपके म्हणजे गुरूचे चंद्र, हे कळल्यावर तिला एकदम वाटलं, हे असं नुसतं बघून सोडून द्यायचं नाही. फोटो काढायचा.

रुपालीने ऑफिसात टाकून दिलेला वेबकॅम आणि जुना लॅपटॉप आणून दिला. वेबकॅमचं पुढचं भिंग काढून टाकायचं आणि तो दुर्बिणीच्या सव्वा इंची भोकात बसवायचा, असं रुपालीने इंटरनेटवर वाचून सांगितलं. बसवायचा कशात? जनाने घरातल्या सगळ्या डब्या, झाकणं, औषधांच्या बाटल्या त्या भोकात घालून बघितल्या. शेवटी हिंगाची डबी चपखल बसली. तळ कापून वेबकॅम तिच्यात चिकटवला. अजूनही कॅमेरा जोडला की अंगणात वरण फोडणीला टाकल्याचा वास सुटतो.

पहिला फोटो तिने मोठ्या हौसेने रुपालीला पाठवला. उत्तर आलं, "आई, अंडं आहे का?"

अंडंच दिसत होतं, तेही पाण्यात फोडलेलं. जनाने दुर्बीण पुसली, आरसा तपासला, हिंगाची डबी घट्ट केली. काही फरक नाही. गुरू नुसता थरथरत होता. मग एका संध्याकाळी ती बराच वेळ डोळा लावून बसली आणि तिच्या लक्षात आलं की हे थरथरणं तिच्या ओळखीचं आहे. पातेल्याच्या तळाशी ठेवलेलं नाणं, वरून पाणी तापायला लागलं की असंच हलतं. गुरू ठीक होता. मधली हवा उकळत होती.

उकळत का होती? कारण दुर्बीण गच्चीवर होती आणि दिवसभर तापलेली स्लॅब संध्याकाळभर वाफा सोडत होती. जनाने दुर्बीण खाली अंगणात, गवताच्या पट्ट्यावर आणली. थोडं बरं झालं. मग घरातली चूल बंद केली. आणखी बरं. मग कळलं की आरसासुद्धा गरम असतो, तो आधी निवावा लागतो. तेव्हा चार वाजल्यापासून दुर्बीण बाहेर, नळीभोवती ओले पंचे आणि बुडाला घरातला एकुलता एक टेबलफॅन.

"गो जने, दुर्बिणीला ताप आला का?" शेजारच्या चिमीने कुंपणावरून विचारलं.

"आला व्हता. उतरतोय आता."

"आन् भावजीस्नी फॅन नाय?"

"त्यांना काय व्हतंय? ते काय आरशाचे हायत?"

सावळाराम उघड्या अंगाने ओटीवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होता. त्याने ते ऐकून पान उलटलं.

तेव्हापासून जना हवेला स्वयंपाकघरातल्या शब्दांनी ओळखायला लागली. गॅसच्या वर टांगलेल्या कॅलेंडरवर ती रोज लिहायची. खळखळ. कढ. मंद आच. आणि अगदी कधीतरी, दोन-तीन महिन्यांतून एकदा, निवला. ज्या संध्याकाळी गुरू निवायचा, त्या संध्याकाळी त्याचे पट्टे रांगोळीच्या रेघेसारखे ठळक व्हायचे. असा निवलेला गुरू फार वेळ टिकत नाही. म्हणून फोटो काढायचा नसतोच, व्हिडिओ काढायचा असतो. हजारो चित्रं घ्यायची, त्यांतली हलकी, फुटकी, थरथरलेली बाजूला काढायची आणि चांगली तेवढी एकावर एक ठेवायची. रुपालीने हे समजावून सांगताना खूप वेळ घेतला. जना म्हणाली, "म्हंजे तांदूळ निवडायचं. एवढंच ना?"

एवढंच होतं. पण तरी मनासारखा फोटो काही जमला नव्हता. गुरूवर एक तांबूस डाग आहे, मोठं वादळ आहे ते, शेकडो वर्षं फिरतंय. तो डाग तिला एकदा तरी पकडायचा होता. गुरू दहा तासांत एक गिरकी घेतो, तेव्हा डाग समोर यावा, तोही संध्याकाळी यावा आणि त्याच संध्याकाळी हवा निवावी, हे तिन्ही जुळत नव्हतं.

हवेकडे इतकं टक लावून बघता बघता एक वेगळीच गोष्ट झाली. जनाला वारा कळायला लागला. दुपारी माळशेजच्या कड्याची धार कशी दिसते, धूर कुठपर्यंत सरळ जातो, पहिली चांदणी किती लुकलुकते, यावरून ती सांगायची, उद्या सातला वारा पडेल. आणि पडायचा. हे गावात धाऊकाकांनी पहिल्यांदा हेरलं. त्यांचं शेत जनाच्या अंगणाला लागूनच. त्यांना वाऱ्याशी मतलब होता तो राबामुळे.

मार्च लागला की इकडे राब भाजायचे दिवस येतात. भाताची रोपं जिथे करायची तेवढ्या जमिनीवर शेण, टहाळ, पालापाचोळा पसरायचा, वर मातीचा थर द्यायचा आणि पेटवायचं. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं. पण वारा असला की आग हातची सुटून रानात जाते. म्हणून राब पेटवायचा तो वारा पडलेल्या वेळी. धाऊकाका रोज कुंपणापाशी यायला लागले. मग त्यांचं बघून बाकीचे. "सूनबाय, आज कसं?" "आज नाय काका, आज खळखळ हाय." "आन् उद्या?" "उद्या मंद."

जनाला त्यात मान वाटायचा. या मानात काय गोम आहे, ते तिच्या लक्षात यायला यंदा मार्चात नव्या मुख्याध्यापिका याव्या लागल्या.

स्नेहल मॅडम तरुण होत्या, सरळ होत्या आणि साठा नोंदवहीतली प्रत्येक ओळ समोर वस्तू ठेवून तपासत होत्या. दुर्बिणीच्या ओळीपाशी त्या थांबल्या.

"जनाताई, ही घरी का?"

जनाने सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, मोबाईलवरचं अंडंही बघितलं.

"तुमचं मन मी समजू शकते हो. पण वस्तू शाळेची आहे. वाशिंदच्या एका शाळेने मागितलीय, त्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे, सर आहेत. शनिवारी केंद्रप्रमुख येणार आहेत. वापरात नसलेलं सामान ते तिकडे पाठवतील."

"वापरात हाय की मॅडम!"

"मग दाखवा ना मला. एक धड फोटो. शनिवारी सकाळी त्यांच्यासमोर ठेवला तर मी स्वतः दुर्बिणीची बाजू घेईन." मोबाईल परत देत त्या हळूच म्हणाल्या, "पण हा नको."

जना घरी आली आणि तिने डागाच्या वेळा काढल्या. डाग गुरुवारी संध्याकाळी सातच्या पुढे बरोबर समोर येणार होता. शुक्रवारी संध्याकाळी तो पलीकडच्या बाजूला. शनिवारी पुन्हा, पण तोवर दुर्बीण वाशिंदच्या टेम्पोत. म्हणजे गुरुवार एके गुरुवार. बुधवारी दुपारी तिने कड्याकडे बघितलं. धार सुरीसारखी. धूर काठीसारखा सरळ. असं तिने वर्षात बघितलं नव्हतं. उद्या निवणार!

ती आनंदाने वळली तर कुंपणाला धाऊकाका.

"सूनबाय, उद्या कसं?"

आणि जना, तेरा वर्षं एक खडा निघू न देणारी जना, खरं बोलून गेली. "काका, उद्या सातला असा वारा पडतोय, पान हलायचं नाय."

"वा! सगळ्यांस्नी सांगतो. उद्या अकराच्या अकरा राब एकदम लावू."

काका पाचपन्नास पावलं गेले असतील, तेव्हा जनाच्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्या अंगणाच्या तिन्ही बाजूंना अकरा राब. घरातली एक चूल गुरूला सोसत नव्हती.

"काकाऽ!" ती चप्पल न घालता धावली. "काका, सात नको. आठ करा."

"आठला वारा पडलेला आसंल?"

"असंल. शब्द देते."

"मग सातला काय झालं?"

जनाने सांगितलं. डाग, मॅडम, वाशिंद, सगळं. धाऊकाकांनी वर आकाशाकडे बघितलं, तिथे दुपारी काहीच नव्हतं. मग म्हणाले, "एवढ्या लांबच्याला आमच्या राबाची धग लागती?"

"त्याला नाय वो लागत. मधल्या हवेला लागती."

"बरं. पण लोक दमून येतात, उपाशी थांबायचे नायत एवढा वेळ."

"मी जेवू घालते. खिचडी. चार वाजताच शिजवून ठेवते."

"शाळेवानी?"

"शाळेपेक्षा बरी. घरचे तांदूळ."

तर ठरलं. सगळ्यांनी आपापल्या राबापाशी बसायचं, खिचडी खायची आणि खूण झाल्याशिवाय काडी ओढायची नाही. खूण कसली? हाक पोचणार नाही. धाऊकाकाच म्हणाले, "सावळ्याच्या जीपचा भोंगा. तो पार नदीपर्यंत ऐकू येतोय."

ते खरं होतं. सावळारामच्या जीपला तीन सुरांचा हॉर्न होता आणि तो त्याचा जीव की प्राण होता. जनाने नवऱ्याला बसवून बजावलं. सहाला घरी यायचं. जीप अंगणाबाहेर लावायची. इंजिन बंद, कारण त्याचीही धग. आणि मी हात वर केला की मगच वाजवायचा.

"एवढंच ना?" सावळाराम म्हणाला. "पोरगं करील हे काम."

गुरुवारी सहा वाजले, सावळाराम आला नाही. साडेसहाला फोन आला, मुरबाडला एक आजीबाई चुकून दुसऱ्या जीपमध्ये बसल्या होत्या, त्यांना सोडून येतो. सूर्य गेला. शेतांमध्ये अकरा ठिकाणी अकरा ताटल्या वाजायला लागल्या. वारा पडला. एकही पान हलेना. चिमी आपल्या अंगणात खोकली तर जनाने तिच्याकडे रागाने बघितलं.

सातला गुरू डोक्यावर दिसायला लागला. जनाने मान मोडून डोळा लावला. निवला होता. असा निवला होता की जणू कुणी काचेवर रंगवून ठेवलाय. पट्ट्यांच्या कडा दिसत होत्या, पट्ट्यांतल्या गाठी दिसत होत्या आणि खालच्या पट्ट्याच्या खोबणीत मसुरीच्या डाळीच्या रंगाचा एक इवलासा डाग.

तिने हिंगाची डबी बसवली. आधी चाचणी घेऊ, फोकस बघू, मग खरं काढू, असं म्हणून तिने रेकॉर्डिंग चालू केलं. गुरू सरकायचा, ती बाजूची मूठ फिरवून त्याला परत मधे आणायची. एक मिनिट. दोन. मांडीवर लॅपटॉप, तोंडात पदराचं टोक. कुंपणापलीकडून आवाज आला, "सूनबाय, मीठ कमी हाय गो!" तिने मान हलवली नाही. तीन मिनिटं. चार. फोकस छान होता. आता हे बंद करून खरं सुरू करायचं, म्हणून तिने बोट पुढे केलं.

नेमक्या त्याच वेळी धाऊकाकांची म्हैस रस्त्यावर उतरली होती. रोज या वेळी काका तिला बांधतात, आज ते खिचडी खात होते. सावळाराम वळणावर आला. समोर म्हैस. आणि ज्या माणसाने वीस वर्षं हॉर्न वाजवल्याशिवाय वळण घेतलं नाही, त्याने हॉर्न वाजवला. तिन्ही सूर. दोनदा.

"लाव रे लाव!" शेतातून आरोळी उठली. "भोंगा झाला! लावा!"

"नाय! नाय वो!" जना किंचाळली. "थांबा!"

अकरा काड्या ओढल्या गेल्या होत्या. महिनाभर वाळलेला पाला, वारा नाही, राब कसे सरळ पेटले. पडद्यावर गुरूचं अंग एकदा शहारलं. मग त्याला कढ आला, मग खळखळ, आणि अर्ध्या मिनिटात त्याचं पुन्हा अंडं झालं. त्यानंतर धूर वर आला आणि अंडंही गेलं.

जना जे काही बोलली ते बारावी पास बाईला शोभणारं नव्हतं. त्यातलं छापण्याजोगं एवढंच की तो भोंगा उपटून विहिरीत टाकते आणि मागोमाग त्याच्या मालकालाही.

मालक जीप लावून लगबगीने आला. "आलो का टायमात? आजीला सोडली बरं."

जनाने त्याच्याकडे बघितलं आणि दुर्बिणीचा टेबलफॅन बंद केला. त्या रात्री दोघं थंड खिचडी जेवली. मीठ खरंच कमी होतं.

शुक्रवारी ती रुपालीशी फोनवर बोलताना रडली. रुपाली म्हणाली, "आई, पण ती चाचणी? चार मिनिटं आहेत ना?"

"ती नुसती चाचणी गो."

"गुरूला ठाऊक आहे का ती चाचणी होती?"

जनाने शाळेतून आल्यावर लॅपटॉप उघडला. सात हजारांवर चित्रं. निवडायचं काम प्रोग्रॅम आपोआप करतो, पण जनाचा त्याच्यावर विश्वास बसेना. त्याने निवडलेल्यांत तिला लगेच चार फुटकी दिसली. मग ती ओटीवर भिंतीला पाठ लावून बसली आणि एकेक चित्र बघत गेली. हे ठेव. हे टाक. टाक. टाक. ठेव. सावळारामने न सांगता पिठलं केलं, तेही परसात, लांब. मध्यरात्रीपर्यंत तीनशे चाळीस चित्रं उरली. ती तिने एकावर एक बसवली.

गुरू पडद्यावर आला. अंडं नव्हतं. गोल होता, पट्टे होते आणि डाग होता.

शनिवारी सकाळी केंद्रप्रमुखांनी सावळारामने मुरबाडहून छापून आणलेला तो फोटो हातात धरला. मुरबाडकडचेच होते, पोक्त, चष्मा कपाळावर.

"सुंदर. कुठून घेतला?"

"अंगणातनं."

"नाही ताई, इंटरनेटवर कुठून?"

"सर, मी काढलाय."

ते हसले. वाईट माणूस नव्हता, फक्त वीस वर्षं शाळा तपासत आला होता. "मॅडम, असं बघा. असा फोटो कोणीही छापून आणेल. वाशिंदला सर आहेत, तिकडे नीट उपयोग होईल."

स्नेहल मॅडम म्हणाल्या, "सर, मी विचारलं त्यांना. त्या खोटं बोलत नाहीत," पण त्यांच्या आवाजात थोडा काठावरचा सूर होता. त्या तरी गुरुवारी रात्री जनाच्या अंगणात कुठे बसल्या होत्या?

जनाचे कान तापले. "थांबा, यवडा व्हिडिओ बघा. मग न्या." तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि चालू केला.

एक गोष्ट तिला माहीत नव्हती. शुक्रवारी तिने एकेक चित्र बघितलं होतं, व्हिडिओ म्हणून सलग चालवला नव्हता. वेबकॅमला आवाजही घेता येतो, हे तिच्या गावीच नव्हतं.

पडद्यावर निवलेला गुरू होता आणि खोलीभर रातकिडे वाजायला लागले. मग ताटल्या. मग स्पष्ट, खणखणीत, "सूनबाय, मीठ कमी हाय गो!" दारातल्या शिक्षिकांनी तोंडाला रुमाल लावला. जनाने बंद करायला हात पुढे केला, पण केंद्रप्रमुखांनी तो हलकेच बाजूला सारला. हॉर्न वाजला. तिन्ही सूर, दोनदा. "लाव रे लाव!" गुरू शहारला. त्याला कढ आला. आणि मग जनाचा आवाज. भोंगा, विहीर, मालक आणि ते बाकीचंही सगळं.

केंद्रप्रमुखांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"हा राब पेटला का?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथे?"

"व्हय सर. अकरा."

"आणि ही वाफ त्याचीच?" ते खुर्ची ओढून जवळ बसले. "म्हणजे राबाची हवा गुरूवर दिसते! मी जन्मभर राब भाजतोय आणि मला..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. "हे कोण छापून आणणार मॅडम? आमच्या भागाशिवाय असा गुरू कुठेच मिळायचा नाही."

मॅडमनी नोंदवही पुढे ओढली. वाशिंदची ओळ पट्टीने सरळ खोडली आणि वर लिहिलं, वापरात. मग त्या अडल्या. "सर, 'कोणाच्या ताब्यात' यात जनाताईंचं नाव टाकते. पण पुढे 'पद' असा रकाना आहे. विज्ञान साहित्य, प्रभारी शिक्षक, असंच लिहायचं असतं."

"स्वयंपाकी लिवा की," जना म्हणाली. "मी तीच हाय."

मॅडमनी केंद्रप्रमुखांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मॅडमनी लिहिलं, त्यांनी खाली सही केली, जनाने आपल्या वळणदार अक्षरात आपली केली. तिला वाटलं, झालं, आता उठावं. भात टाकायची वेळ झाली होती आणि चेहऱ्याचा रंग अजून मूळ ठिकाणी आला नव्हता.

"ताई," केंद्रप्रमुख गंभीरपणे म्हणाले, "ते हॉर्नच्या पुढचं परत एकदा लावा बरं."

जनाने पदर तोंडाशी धरला. "वाफेचं ना सर?"

"तेही बघू," ते म्हणाले. "आवाज जरा मोठा ठेवा."